यंत्राच्या मालकाची किल्ली

घरांतील अमुक एक वस्तु आपली आहे, असें आपण कशाच्या आधारावर म्हणतों? तिची पावती आपल्या कपाटांत आहे म्हणून, कीं ती अडून बसली असतां तिचें काय करावें हें आपल्याला ठाऊक आहे म्हणून? पूर्वींच्या घरांतून हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. रॉकेलचा स्टोव्ह फुरफुरूं लागला, तर पिन घेऊन त्याचें तोंड मोकळें करणारी बाई घरांतलीच असे. शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटूं लागला, तर सुई उलटी बसली आहे कीं दोऱ्याचा ताण अधिक झाला आहे, हें पाहणारी नजरहि घरांतच सांपडे. जात्याला टांकी लावायला पाथरवट येई खरा. पण टांकी केव्हां लावावी हें त्यानें सांगावें लागत नसे, पिठाच्या स्पर्शावरून तें दळणारीलाच कळे. आज घरोघर जीं यंत्रें येऊन बसलीं आहेत, त्यांची तऱ्हा निराळी आहे. पावती आपली, विजेचें बिल आपलें, आणि तीं बंद पडलीं कीं त्यांच्यापुढें हात जोडून उभीं राहणारीं माणसेंहि आपलींच!

ह्या गोष्टीचा सावकाश विचार करण्याचा प्रसंग मला २०२५ सालच्या दिवाळीनंतर, आमच्या घरच्या संगणकाच्या निमित्तानें आला. मीं तीस वर्षें शाळेंत मराठी आणि इतिहास हे विषय शिकविले. संगणकाशीं माझा संबंध प्रश्नपत्रिका तयार करण्यापुरता. तेव्हां पुढील हकीकत एका नवशिकीची आहे, हें वाचकांनीं आधींच ध्यानांत घ्यावें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. मामंजींचें वय ८४. गेलीं सात वर्षें ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत आणि त्याबरोबर एक वंशवृक्ष काढीत आहेत. अकरा पिढ्या आणि चारशेंच्या वर नांवें, सगळीं एकाच रुंद चित्रांत. जुन्या वह्या, दस्तऐवजांच्या नकला, नातलगांचीं पत्रें ह्यांतून एकेक नांव शोधून ते जागच्या जागीं बसवितात. परंतु त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग वयोमानानें झिजत चालला आहे. ह्या विकारांत कडेचें दिसतें, आणि जेथें नजर रोखावी नेमकें तेथेंच धुकें येतें. गेलेली दृष्टि परत येणार नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. मोठ्या पडद्यावर अक्षरें ठसठशीत करून घेतलीं म्हणजे सकाळचे दोन तास त्यांना काम करतां येतें. काम संपायला किती महिने लागतील आणि डोळे किती महिने साथ देतील, हा हिशेब घरांत कोणी मोठ्यानें मांडीत नसे. पण तो प्रत्येकाच्या मनांत होता.

अशा वेळीं संगणकाचा प्रश्न उभा राहिला. विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि २०१५ सालीं घेतलेल्या आमच्या यंत्रांत पुढच्या आवृत्तीला लागणारी सामग्री नव्हती. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, जुन्याचा मोह कशाला? नवा आणूं." त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. परंतु मामंजींना पडदा, कळफलक, अक्षरांचा आकार, सर्व हाताला पाठ झालें होतें; नव्या यंत्राबरोबर येणारें नवें वळण गिरवायला त्यांच्याजवळ वेळ नव्हता. तेव्हां भाऊजींची मुलगी, जी बाहेरगांवीं अभियांत्रिकीचें शिक्षण घेते, तिनें फोनवरून सुचविलें, "काकू, यंत्र चांगलें आहे. त्यावर लिनक्स घाला. आजोबा ज्या इंकस्केपमध्यें चित्र काढतात, तें तिथेंहि तसेंच चालतें. इनस्क्रिप्टचा कळफलकहि आहे." मामंजींनीं तें मान्य केलें, आणि घरांत दिवसभर असणारी म्हणून तें काम माझ्याकडे आलें.

लिनक्स म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकाच्या सर्व अवयवांना कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम, त्याला कर्नल, म्हणजे गाभा, म्हणतात. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें असा एक गाभा लिहून तो सर्वांसाठीं खुला केला. त्याच्या आधीं, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं ग्नू नांवाचा प्रकल्प जाहीर केला होता. त्यांतील अनेक उपयुक्त साधनें ह्या गाभ्याला येऊन मिळालीं. हा सारा संसार कोणालाहि मोफत घेतां येतो, उघडून वाचतां येतो, दुरुस्त करतां येतो आणि दुसऱ्याला देतां येतो. आज जगांतील असंख्य सर्व्हर त्यावर चालतात, आणि आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या पोटांतहि हाच गाभा आहे.

मामंजींच्या सर्व लेखनाच्या दोन नकला निराळ्या डिस्कांवर काढून ठेवल्या, आणि मग पेन-ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिलें. कंपनीचें चिन्ह उमटलें, एक रेघ झळकली, आणि पडदा काळा झाला. पांच मिनिटें थांबलें, तरी काळाच. पंखा फिरत होता, दिवा जळत होता. परंतु समोर अमावस्या!

पडद्यावर चित्र कसें उमटतें, हें त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलें. आमच्या पडद्यावर आडवीं १९२० आणि उभीं १०८० अशीं टिंबें आहेत. म्हणजे एकंदर २०,७३,६००. हीं सर्व टिंबें सेकंदाला ६० वेळां नव्यानें रंगविलीं जातात. एका सेकंदांत १२ कोटी ४४ लक्ष १६ हजार टिंबांची ही रांगोळी घालण्यासाठीं आमच्या संगणकांत एक स्वतंत्र कार्ड बसविलें आहे. गाभा त्याला हुकूम देतो. परंतु प्रत्येक कार्डाची बोली वेगळी. ती बोली जाणणारा जो मधला प्रोग्राम, तो ड्रायव्हर. नांवानें तो सारथी असला, तरी काम त्याचें दुभाष्याचें. दुभाषी नसला किंवा त्याला नीट बोलतां आलें नाहीं, तर दरबार भरलेला असूनहि शब्द उमटत नाहीं. काळ्या पडद्याचा बहुधा एवढाच अर्थ असतो. यंत्र जागें असतें, विचारहि करीत असतें. फक्त त्याचें बोलणें आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

पुतणीनें पहिला उपाय सांगितला. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाची यादी दिसते. तेथें "ई" ही कळ दाबली कीं गाभ्याला द्यावयाच्या सूचना उघडतात. ज्या ओळीच्या आरंभीं लिनक्स हा शब्द असतो, तिच्या शेवटीं "नोमोडसेट" एवढाच शब्द लिहावयाचा आणि एफ-१० दाबावयाची. त्याचा अर्थ असा कीं, पडद्याची मांडणी गाभ्यानें आपल्या हातीं घेऊं नये, यंत्राच्या मूळच्या साध्या सोयीनेंच भागवावें. तसें करतांच चित्र आलें. त्याच रीतीनें लिनक्स डिस्कवर बसवूनहि झालें.

परंतु आलें तें चित्र कसें होतें! टिंबें आडवीं १०२४ आणि उभीं ७६८ एवढींच. तीं रुंद पडद्यावर ताणलेलीं, त्यामुळें प्रत्येक अक्षर पसरट आणि कडांना विरघळलेलें. शिवाय कार्ड रिकामें बसलेलें, आणि त्याची सारी रांगोळी संगणकाचा मुख्य मेंदूच घालीत होता. वंशवृक्ष थोडा सरकवावा, तर तो धापा टाकीत टाकीत येई. मामंजी दोन दिवस त्यापुढें बसले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणें म्हणाले, "सूनबाई, माझ्या डोळ्यांत धुकें आहे हें मला ठाऊक आहे, आतां पडद्यावरहि आलें, तर दोहोंतलें कोणतें कोणतें, हें मला ओळखतां येत नाहीं." त्या दिवसांतील इतर सर्व अडचणी मी विसरेन, पण हें वाक्य विसरणार नाहीं.

खरा उपाय म्हणजे त्या कार्डासाठीं त्याच्या निर्मात्यानें दिलेला ड्रायव्हर बसविणें. लिनक्सच्या भांडारांत तो होता. बसविण्याची सोयहि होती. तो बसविला, यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि ह्या वेळीं तें पसरट चित्रहि गेलें! वरच्या कोपऱ्यांत एक आडवी रेघ लुकलुकत राहिली. जेवणाच्या वेळीं भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन दिवस आणखी पाहूं, मग मी दुकानांत जातों." मामंजी कांहींच बोलले नाहींत, आणि तेंच मला अधिक लागलें.

आमच्या घरीं पूर्वीं एक वैद्य येत असत. ते आल्याबरोबर औषधाची पेटी कधीं उघडीत नसत. आधीं नाडी पाहात, जीभ पाहात, मग काल काय खाल्लें तें विचारीत. आणि घरच्यांनीं त्याआधीं दोन-तीन काढे पाजले असले, तर त्यांना राग येई, कारण मग मूळ रोग कोणता आणि काढ्याचा परिणाम कोणता, हें वेगळें करतां येत नसे. नवशिक्याच्या बाबतींत लिनक्सवर नेमका हाच प्रकार घडतो. पडदा काळा झाला कीं दहा ठिकाणांहून दहा उपाय कानांवर येतात. ते एकामागून एक पाजीत सुटलें, तर शेवटीं यंत्राला काय झालें आहे हें कोणत्याच वैद्याला सांगतां येणार नाहीं. म्हणून मीं एक वही घेतली आणि ठरविलें कीं, आधीं फक्त प्रश्न विचारावयाचे. बदल कांहीं करावयाचा नाहीं.

प्रश्न विचारावयाचे कोणाला, तर यंत्रालाच! कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ ह्या तीन कळा एकदम दाबल्या, आणि काळ्या पडद्यामागून निव्वळ अक्षरांची एक ओसरी उघडली. तेथें चित्रें नाहींत, खिडक्या नाहींत. नांव आणि पासवर्ड सांगितला कीं यंत्र आपल्याशीं साध्या ओळींत बोलूं लागतें. ही ओसरी लिनक्सच्या घराला बहुतेक नेहमीं असते, आणि दिवाणखान्याला कुलूप पडलें असलें तरी ती उघडी राहते, हें ज्याला ठाऊक झालें त्याची निम्मी भीति गेली.

पहिला प्रश्न: सध्यां कोणता गाभा चालूं आहे? "युनेम" ह्या आज्ञेनें त्याचा क्रमांक सांगितला. दुसरा प्रश्न: कार्ड दिसतें आहे काय? "एलएसपीसीआय" ह्या आज्ञेला "के" हें अक्षर जोडून विचारलें. कार्डाचें नांव आलें, त्याच्याशीं जुळणाऱ्या ड्रायव्हरांचीं नांवेंहि आलीं. परंतु त्यांपैकीं कोणता ड्रायव्हर वापरांत आहे, हें सांगणारी जी एक ओळ असावयास हवी, ती नव्हती. म्हणजे दुभाषी घरांत होता, पण दरबारांत हजर नव्हता. तिसरा प्रश्न: ह्या गाभ्यासाठीं ड्रायव्हर नीट बांधला गेला आहे काय? "डीकेएमएस" ह्या साधनानें होय म्हणून सांगितलें. चौथा प्रश्न त्या ड्रायव्हरलाच: तूं आंत कां येत नाहींस? "मॉडप्रोब" ह्या आज्ञेनें त्याला हांक मारली, आणि एका ओळीचें उत्तर आलें. त्याचा मराठींत अर्थ असा कीं, किल्ली नाकारण्यांत आली आहे.

सबंध आठवड्यांत यंत्रानें दिलेलें हें पहिलें स्पष्ट उत्तर. मीं तें वहींत शब्दशः उतरून घेतलें आणि पुतणीला वाचून दाखविलें. ती हंसली आणि म्हणाली, "काकू, सांपडलें!"

गोष्ट अशी होती. २०१२ च्या सुमारास नव्या संगणकांतून सिक्युअर बूट नांवाची एक व्यवस्था सर्रास येऊं लागली. तिला दारावरचा पहारेकरी म्हणावें. यंत्र जागें होत असतांनाच एखादा दुष्ट प्रोग्राम आंत शिरूं नये, म्हणून तो येणाऱ्या प्रत्येकाजवळ ओळखीची मोहर मागतो. लिनक्सच्या गाभ्याजवळ ती असते. परंतु आमचा ड्रायव्हर आमच्याच यंत्रावर, आमच्याच गाभ्यासाठीं बांधला गेला होता, आणि त्याच्यावर मोहर उठली होती तीहि आमच्याच यंत्रावर तयार झालेल्या किल्लीची. त्या किल्लीची पहारेकऱ्याला ओळख नव्हती, म्हणून त्यानें ड्रायव्हरला दारांतच अडविलें. पहारेकऱ्याचें चुकलें असें म्हणतां येत नाहीं, ड्रायव्हरहि प्रामाणिक. दोघांची ओळख करून देणारें माणूस तेवढें मध्यें नव्हतें. ती ओळख करून देण्यासाठीं यंत्र पुन्हां सुरू होतांना एक निळें पान येतें. दहा सेकंदांत कोणी कळ दाबली नाहीं, तर तें आपण होऊन मिटतें. त्याची पूर्वसूचना देणारी खिडकी आमच्या त्या अपुऱ्या पडद्यावर अर्धी दिसली होती आणि अर्धी खालीं लपली होती.

ह्या किल्लीला इंग्रजींत नांव आहे "मशीन ओनर की", म्हणजे यंत्राच्या मालकाची किल्ली. तें नांव वाचून मी क्षणभर थबकलें. "ही नोंदणी तूंच तेथून कां करीत नाहींस?" असें मीं पुतणीला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "तें दुरून करतांच येत नाहीं, काकू. जो यंत्रासमोर बसला आहे, त्यानेंच स्वतःच्या हातानें कळ दाबून सांगायचें असतें कीं ही किल्ली माझी आहे. दुरून करतां आलें असतें, तर चोरालाहि करतां आलें असतें."

मग त्या अक्षरांच्या ओसरीवरूनच "मोकयुटिल" ह्या आज्ञेनें किल्ली पुन्हां नोंदणीसाठीं मांडली, एक वेळच्या उपयोगाचा पासवर्ड ठरविला, आणि यंत्र नव्यानें सुरू केलें. मामंजींना मुद्दाम शेजारीं बसविलें. निळें पान आलें. कळ दाबली, नोंदणीचा पर्याय निवडला, संमति दिली, पासवर्ड लिहिला. यंत्र पुन्हां एकदां झोपलें आणि जागें झालें. आणि पडद्यावर सगळीं वीस लाख टिंबें आपापल्या जागीं उभीं राहिलीं! अक्षरांच्या कडा चाकूनें कोरल्यासारख्या. मामंजींनीं कांहीं न बोलतां वंशवृक्ष उघडला, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहिला, आणि मग अक्षरें मोठीं करून कामाला लागले.

त्याच आठवड्यांत एक गोष्ट घडली, ती ह्या खटाटोपाचें खरें मोल सांगणारी आहे. आमच्याकडे आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळें तींच तीं नांवें पिढ्यापिढ्यांतून परत येतात. सहाव्या आणि आठव्या पिढींत एकाच नांवाचे दोन पुरुष आहेत, आणि सहाव्यांतल्याच्या दोन मुली जुन्या एका वहींत आठव्यांतल्याच्या नांवावर मांडलेल्या होत्या. तुकड्यातुकड्यांनीं पाहतांना हें वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. दोन्ही फांद्या रुंद पडद्यावर एकाच वेळीं डोळ्यांसमोर आल्या, तेव्हां मामंजींना त्या मुलींच्या जन्माचीं सालें खटकलीं. त्यांनीं मूळ पत्र मागवून खात्री केली आणि त्या दोघींना त्यांच्या जन्मदात्याच्या शाखेवर नेऊन बसविलें. "दीडशें वर्षें चुलत घरीं राहिल्या बिचाऱ्या," असें म्हणून ते मनापासून हंसले.

आतां कोणी विचारील कीं, एका कार्डासाठीं एवढा व्याप कां पडावा? ह्याचें उत्तर थोडें जुनें आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत एक नवा लेझर छपाईयंत्र आला. त्यांत कागद अडकत असे. त्याच्या आधींच्या यंत्रांत, कागद अडकला कीं ज्याचें काम चालूं असेल त्याला संगणकावरूनच निरोप जावा, अशी सोय तेथें काम करणाऱ्या स्टॉलमन ह्यांनीं स्वतः लिहिली होती. नव्या यंत्राचा प्रोग्राम मात्र बंद पेटींतला. त्याची उघडी संहिता ज्या संशोधकाजवळ होती, त्याच्याकडे त्यांनीं ती मागितली. परंतु ती कोणाला दाखविणार नाहीं असा करार त्यानें केलेला असल्यामुळें नकार मिळाला. पुढें जी मुक्त प्रणालींची चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशीं ज्या घटना आहेत त्यांत ह्या नकाराची गणना होते. म्हणजे ड्रायव्हरची अडचण ही लिनक्सच्या वाटेंत मागाहून आलेली धोंड नव्हे. ती त्या वाटेच्या आरंभापासूनच आहे. ज्या कार्डांचे ड्रायव्हर गाभ्याच्या मुख्य भांडारांतच उघडपणें लिहिले जातात, तेथें नवशिक्याला बहुधा कांहींच करावें लागत नाहीं. दुभाषी गाभ्याबरोबरच घरांत येतो. जेथें तो बाहेरून येतो, तेथें गाभा बदलला कीं तो नव्यानें बांधावा लागतो आणि त्याच्या मोहरेची पुन्हां तपासणी होते. ह्या सांध्यावरच बहुतेक काळे पडदे उमटतात.

माझ्यासारखे जे नवशिके ह्या वाटेला जातील, त्यांच्यासाठीं वहींतील चार गोष्टी येथें देतें. लिनक्स डिस्कवर बसविण्यापूर्वीं तें पेन-ड्राइव्हवरून चालवून पाहावें, आणि त्याहिपूर्वीं आपल्या कागदपत्रांच्या नकला काढाव्या. ड्रायव्हर शक्यतों आपल्या लिनक्सच्या भांडारांतूनच घ्यावा. इकडून तिकडून आणलेली फाईल पुढच्या सुधारणेच्या वेळीं निराधार होते. गाभ्याच्या एखाद्या सुधारणेनंतर पडदा काळा झाला, तर ग्रबच्या यादींत जुना गाभा बहुधा जपून ठेवलेला असतो. त्यानें यंत्र सुरू करावें आणि मग शांतपणें चौकशी करावी. एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो करण्यापूर्वीं लिहून ठेवावा. जी आज्ञा काय करते हें आपल्याला सांगतां येत नाहीं, ती कोणीहि सुचविली तरी देऊं नये. विशेषतः जिच्या आरंभीं "सुडो" हा शब्द आहे ती, कारण तो शब्द यंत्राला आपला पूर्ण अधिकार बहाल करतो.

हें सर्व करणें प्रत्येकाला जमेल किंवा प्रत्येकानें करावें, असें मी म्हणत नाहीं. माझे त्यांत नऊ दिवस गेले, आणि भाऊजींच्या मार्गानें गेलों असतों तर दोन दिवसांत नवा संगणक टेबलावर आला असता, हें खरें आहे. ज्या घरीं वेळ नाहीं आणि काम तातडीचें आहे, तेथें तोच मार्ग शहाणपणाचा. पण त्या नऊ दिवसांत मला जें मिळालें, तें दुकानांत मिळण्यासारखें नव्हतें. पुन्हां पडदा काळा झाला, तर कोणता प्रश्न आधीं विचारावयाचा, हें आतां आमच्या घरांत माहीत आहे.

आमच्या सासूबाईंनीं कोठीच्या किल्ल्या माझ्या हातीं दिल्या, त्या दिवशीं त्यांनीं मला दुपारभर कोठींत बसवून घेतलें होतें. कोणत्या डब्याचें झांकण सैल आहे, कोणत्या कोपऱ्याला पावसाळ्यांत ओल येते, तांदुळाला कीड लागूं नये म्हणून काय घालावें, हें सगळें सांगून झाल्यावर त्यांनीं जुडगा कमरेचा सोडला. त्या काळीं मला तो उपदेश लांबल्यासारखा वाटला होता.

मामंजींच्या टेबलाच्या खणांत ती वही आतां ठेवलेली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर त्या तीन कळांचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं आहेत. जावेचा धाकटा मुलगा आठवींत आहे. परवां त्यानें ती वही मागून नेली आणि स्वतःच्या वहींत उतरून घेतली. वाचकांच्या घरींहि माळ्यावर एखादा जुना संगणक कापडांत गुंडाळून ठेवलेला असेल. तो टाकून देण्यापूर्वीं घरांतल्या एखाद्या जिज्ञासू मुलाला किंवा सुनेला चार सुट्टीच्या दुपारीं त्याच्यापुढें बसूं द्यावें, आणि पडदा काळा पडला तर लगेच हांक मारून उठवूं नये, एवढेंच माझें सांगणें आहे.